महिना आहे, साल नाही

लोक जैवविविधता नोंदवही नावाचा एक दस्तऐवज तुमच्या गावाच्या नावावरही बहुतेक सरकारदरबारी जमा असेल. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत एक समिती नेमायला सांगितली. २००४ च्या नियमांनी त्या समितीला मुख्य काम दिलं ते ही वही तयार करण्याचं. गावात कोणती पिकं, झाडं, मासे, पक्षी, औषधी वनस्पती आहेत आणि त्यांच्याबद्दल लोकांना काय माहीत आहे, हे लोकांनाच विचारून लिहायचं. साहित्यावर लिहिणाऱ्या कुणी हिची दखल घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. पण डोंगरातल्या माणसाने आपल्या परिसरात जे पाहिलं ते कागदावर उतरवण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रयत्न हाच आहे. म्हणून मी तो पुस्तकासारखा वाचायचं ठरवलं.

राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या नमुन्यातला पिकांचा तक्ता घ्या. स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, वाण, जमीन कशी, पेरा किती, हंगाम, उपयोग, बियाणं कुठून येतं, माहिती कुणाकडे आहे. प्रश्न चांगले आहेत. ज्यांनी ते काढले ते शेताच्या बांधावरून हिंडलेले लोक होते हे कळतं. मधेच एक रकाना येतो, ‘स्थानिक स्थिती’. त्याचे दोन भाग: पूर्वी आणि सध्या. तिथे ‘भरपूर’, ‘कमी’, ‘दुर्मीळ’ असं काहीतरी लिहायचं.

पूर्वी म्हणजे कधी? बहात्तरच्या दुष्काळाआधी? गावात डांबरी रस्ता आला त्याआधी? आजी नांदायला आली तेव्हा? भाताचा एखादा वाण ‘भरपूर’ वरून ‘दुर्मीळ’ वर आला, तो चाळीस वर्षांत हळूहळू आला की लागोपाठच्या दोन वाईट पावसाळ्यांत, यावर सगळं अवलंबून असतं. हळूहळू गेला असेल तर संकरित बियाणं, रेशनचा तांदूळ, शहरात गेलेली मुलं असं काहीतरी कारण असणार. एकदम गेला असेल तर पाऊस किंवा रोग. दोन रकान्यांत हा फरकच उरत नाही. मी सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्याकडे नोंदीपुढे वेळ नसेल तर तिला लॉग म्हणत नाहीत, तक्रार म्हणतात.

(जाता जाता: आमचा जिल्हाही २०२४ मध्ये ‘पूर्वी’ च्या रकान्यात गेला. पूर्वी अहमदनगर, सध्या अहिल्यानगर. बोलताना लोक अजून नगरच म्हणतात. पण त्याला निदान तारीख आहे.)

या वहीमागची मूळ कल्पना माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, नव्वदच्या दशकातली. जंगल कसं बदललं, का बदललं आणि पुढे ते कसं असावं असं लोकांना वाटतं, हे लोकांनी एकत्र बसून मांडायचं. कायद्यात शिरेपर्यंत त्या बैठकीचा फॉर्म झाला. २०१६ मध्ये हे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे आलं तेव्हा देशातल्या दोन लाख सत्तर हजारांवर स्थानिक संस्थांपैकी जेमतेम चौदाशे ठिकाणी वह्या तयार होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली. नंतर प्रत्येक राज्याला महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागणार होते. काही वर्षांतच वह्यांची संख्या अडीच लाखांच्या वर गेली. मुदत आणि दंड एकत्र आले की कागद कसे तयार होतात, हे ज्याने कुठल्याही ऑफिसात एक मार्चएंड काढलाय त्याला सांगायला नको.

पण घाईला दोष देऊन हा विषय संपत नाही. सावकाश केली असती तरी ‘पूर्वी’ आणि ‘सध्या’ हे दोनच रकाने भरले गेले असते. आणि ही सवय सरकारी बाबूंनी आणलेली नाही. आपल्या निसर्गाबद्दलच्या लिहिण्याबोलण्यातच ती मुरलेली आहे.

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ बघा. मराठीत निसर्गाकडे इतकं निरखून पाहणारं पुस्तक सहज सापडणार नाही. कोणतं झाड कधी फुलतं, कोणत्या महिन्यात उजेडाचा रंग कसा होतो, हे त्यांच्याइतकं बारकाईने कुणी टिपलं? पण त्या पुस्तकाची घडणच महिन्यांची आहे. चैत्र म्हणजे कोणताही चैत्र. तेच त्याचं सौंदर्य, आणि त्या काळी ते पुरेसं होतं. चक्र फिरून जागेवर येणार याची खात्री असेल तर साल कशाला लिहायचं? दुर्गाबाईंच्या पुस्तकावर हा आक्षेप घेणं वेडेपणाचं होईल. आक्षेप आहे तो त्यांच्यानंतर त्याच साच्यात लिहीत राहिलेल्या आपल्यावर. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दर वर्षी पळस फुलतो, दर वर्षी बहावा फुलतो, आणि लेख मागच्या वर्षीचा छापला तरी कुणाला कळू नये.

मारुती चितमपल्लींची गोष्ट थोडी वेगळी. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या शब्दसंपत्तीबद्दल लिहिलं, आणि बरोबरच लिहिलं. वनखात्यातली त्यांची सगळी हयात जंगलात गेली. विदर्भातल्या आदिवासींकडून, पारध्यांकडून, कोळ्यांकडून त्यांनी झाडापाखरांची नावं गोळा केली आणि ते ऋण मोकळेपणाने सांगितलंही. पण आपण वाचकांनी त्यांच्याकडून काय उचललं? शब्द. सारंगागार, काकागार असे सुंदर शब्द. ज्या माणसांनी ते पाहिलं होतं त्यांचं पाहणं मात्र आपण सोडून दिलं. आदिवासी माणूस मराठी वाचकाला कोश म्हणून चालतो. साक्षीदार म्हणून त्याला बोलावल्याचं फारसं दिसत नाही.

नक्षत्रांचं तर विचारूच नका. मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आश्लेषा, मघा, शेवटी हत्ती. शहरातल्या मुलांना ही ‘लोकपरंपरा’ वाटते. माझं आजोळ अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, महादेव कोळ्यांच्या वस्तीत (अकोले, अकोला नव्हे, हे आयुष्यभर सांगावं लागतं). तिथे ते अजूनही कामाचं कॅलेंडर आहे. उत्तम कॅलेंडर आहे. तेरा-चौदा दिवसांचे तुकडे, प्रत्येक तुकड्यात पावसाने कसं वागावं याची अपेक्षा, आणि अपेक्षा ठरलेली असल्यामुळे बिघाड लगेच दिसतो. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईच्या नोंदींत त्याआधी तो इतक्या लवकर कधी आल्याचं दिसत नाही. टीव्हीवर तो ‘लवकर आलेला मान्सून’ होता. मामीच्या भाषेत रोहिणी लागली न लागली तोच पाऊस आला, आणि त्याचा अर्थ होता की राब भाजायचा राहिला. भाताच्या रोपांसाठी शेताच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून उन्हाळ्याच्या शेवटी त्या पेटवतात, तो राब. भिजलेला राब पेटत नाही. हवामान बदलाची अशी अचूक, खर्चासकट केलेली नोंद मला त्या आठवड्यात कुठल्याही बातमीत दिसली नाही.

तर शब्द आहेत, पाहणं आहे, कॅलेंडर आहे. साल नाही. आणि इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा: साल नाही म्हणजे त्या माणसांना साल माहीत नाही असं नव्हे. मामीला मी विचारलं, काळभात शेवटचा कधी लावला? तिने क्षणभरही विचार केला नाही. “धाकटीचं लग्न झालं ना, त्याच्या आदल्या साली. लग्नात खीर त्याचीच होती.” धाकटीच्या लग्नाची पत्रिका आमच्या घरी आहे, साल निघालं २०११. गावातल्या कुठल्याही साठीच्या बाईकडे अशी लग्नं, बाळंतपणं, मयतं, दुष्काळ यांची खुंट्यांची रांग असते आणि प्रत्येक खुंटीला पाऊसपाणी टांगलेलं असतं. विचारणाऱ्याने ‘पूर्वी कसं होतं?’ असं विचारलं की उत्तर ‘पूर्वी लई पिकायचं’ असंच येणार. प्रश्नाच्या लायकीचं उत्तर.

*

आता राहीबाई पोपेरेंबद्दल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी बियाणं जमवलं, जपलं, वाटलं. बायफ या संस्थेच्या मदतीने बियाणं बँक उभी राहिली. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना बीजमाता म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. त्यांच्या कामाबद्दल मला आदरच आहे. मला बोलायचंय ते त्यांच्याबद्दलच्या लिखाणाबद्दल, जे तुम्ही आम्ही सगळ्यांनी फोनवर वाचलंय, फॉरवर्ड केलंय.

त्या लिखाणाचा साचा आता पाठ झालाय. निरक्षर बाई. नातू आजारी पडतो. रासायनिक शेतीतला भाजीपाला याचं कारण असावं असं तिला वाटतं. ती जुनं बी शोधायला लागते. घरचे हसतात. मग बँक, मग पुरस्कार, मग दिल्ली. शेवटी ‘काळ्या आईची लेक’. हे सगळं खोटं नाही, त्यातलं बरंचसं त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. पण प्रत्येक लेखात वाणांचा आकडा वेगळा असतो. एकीकडे त्रेचाळीस, दुसरीकडे शंभरच्या वर. त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण आकडा तिथे केवळ कौतुकासाठी असतो. बँक वाढत गेली म्हणून आकडा बदलला असणार. मग कोणत्या साली कोणता वाण आला, कोणत्या घरातून, कोणत्या वाडीतून, तिथे तो का टिकला होता? खरी गोष्ट तिथे आहे. वाल हे नाव एक, पण त्या बियांत रंग, आकार, शेंग, पिकायचे दिवस यांचे किती फरक असतात. हे फरक टिपणं म्हणजे निरीक्षण. बियाण्यासाठी कोणतं रोप राखायचं हे दर वर्षी ठरवताना त्या वर्षीच्या पावसाने काय केलं याचा निवाडा करावाच लागतो. पाऊस मधेच दडी मारून बसला आणि तरी उभं राहिलं, त्याचं बी ठेवायचं. म्हणजे बियाण्याच्या मडक्यात गेल्या कितीतरी पावसाळ्यांचे निकाल साठवलेले असतात.

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत चार लाखांहून अधिक नमुने उणे १८ अंशांवर ठेवलेले आहेत. ते आवश्यकच आहे. पण तिथलं बी ज्या दिवशी आत गेलं त्या दिवशी थांबलं. कोंभाळण्याचं बी थांबू शकत नाही. मडक्यात ठेवलेलं बी काही वर्षांत मरतं, म्हणून ते पेरावंच लागतं, आणि पेरलं की त्या वर्षीची हवा त्यात उतरते. आमच्या भाषेत सांगायचं तर दिल्लीत एक जुनी आवृत्ती जपून ठेवलेली आहे आणि कोंभाळण्यात कोड अजून चालू आहे. त्या चालू कोडमध्ये कोणता बदल कधी झाला आणि का, हे ज्या बाईला सांगता येईल तिला आपण विचारतो, “पुरस्कार मिळाल्यावर कसं वाटलं?”

‘बीजमाता’ या शब्दाबद्दल माझी तक्रार इथून सुरू होते. आई म्हटलं की माया आली, त्याग आला. पाहणं, तपासणं, चूक काढून टाकणं हे त्या शब्दात येत नाही. शास्त्रज्ञाला आपण विचारतो, हे तुम्हाला कशावरून कळलं? आईला असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं. सन्मान करता करता आपण त्यांना प्रश्नांच्या पलीकडे नेऊन बसवलं, आणि त्याबरोबर त्यांच्या ज्ञानालाही. अच्युतानंद द्विवेदींच्या ‘सीड मदर’ या लघुपटाला २०१९ मध्ये कानमध्ये झालेल्या नेस्प्रेसो टॅलेंट्स स्पर्धेत तिसरं पारितोषिक मिळालं. ती स्पर्धा उभ्या चौकटीतल्या चित्रपटांची, म्हणजे आपल्या फोनच्या आकाराच्या. त्या चौकटीत एक माणूस छान बसतो. शेत बसत नाही, शेजारची वाडी बसत नाही, बी देणाऱ्या बाकीच्या बाया बसत नाहीत. हा त्या एका लघुपटाचा दोष नाही; आपण ज्या आकारात सगळं पाहतो त्या आकाराचा आहे.

२०२० च्या त्याच पद्म यादीत आमच्या जिल्ह्यातलं आणखी एक नाव होतं: हिवरे बाजारचे पोपटराव पवार. (योगायोग असा की प्रजासत्ताक दिनाची ती यादी आणि नोंदवह्यांची ३१ जानेवारीची मुदत एकाच आठवड्यात आल्या.) हिवरे बाजार अकोल्याच्या डोंगरापासून फार दूर, नगर तालुक्यात, पर्जन्यछायेत. तिथे वर्षाला साधारण चारशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिकडे अकोल्याच्या टोकाला घाटघर-रतनवाडीला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर. एकाच जिल्ह्यात. ‘जिल्ह्याची सरासरी’ हा शब्द ऐकला की मला त्या माणसाची गोष्ट आठवते ज्याचं डोकं भट्टीत आणि पाय बर्फात होते आणि सरासरी तापमान उत्तम होतं.

हिवरे बाजारात गावकरी स्वतः पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, आणि २००४ पासून भूजल खात्याच्या मदतीने दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला. उरलेल्यातलं सत्तर टक्के शेतीला, तीस टक्के पुढच्यासाठी जमिनीत. मग त्या वर्षी काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं. ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. माझ्या मते आपल्या जिल्ह्यात निसर्गाबद्दल लिहिला गेलेला सर्वांत चांगला मजकूर तो ताळेबंद आहे. एकही विशेषण नाही. प्रत्येक ओळीला साल आहे. आणि वाचणाऱ्याला त्यावर काहीतरी करावं लागतं.

त्यालाही मर्यादा आहेत. त्यात मिलिमीटर मावतात, वास मावत नाही. काळभात खिरीला का हवा हे त्यातून कळणार नाही. आणि अशी शिस्त एका दीर्घकाळ टिकलेल्या नेतृत्वावर उभी राहते. ती प्रत्येक गावाला कशी मिळावी? तरी दोन पद्मश्रींच्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट टोचते. पोपटरावांबद्दलच्या लेखांत तक्ते येतात, साल येतं, ‘मॉडेल’ हा शब्द येतो. राहीबाईंबद्दलच्या लेखांत माती, माया आणि नऊवारी येते. एकाला आपण पद्धत म्हणून वाचतो, दुसरीला श्रद्धा म्हणून. पुरुष-बाई, शिकलेला-न शिकलेली, गाव-वाडी, यांतलं कोणतं कारण जास्त हे तुम्ही ठरवा. मला वाटतं तिन्ही.

*

साल नसण्याचा तोटा वाङ्मयीन नाही. सरकार पाऊस मोजतं महसूल मंडळात. २०१७ पासून महावेध प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांवर मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. एका मंडळात एक यंत्र, आणि मंडळात बरीच गावं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी झाली असं धरतात. आता हा ६५ चा आकडा घाटघरच्या माणसाला सांगून बघा. जुलैतला तो रोजचा पाऊस आहे. त्याला मारणारी गोष्ट वेगळी आहे: लावणीच्या वेळची उघडीप, निसवताना आलेला पाऊस, कापणीला भिजलेलं भात. हे तो पाहतो, पण त्याच्या पाहण्याला कागदावर किंमत नाही. डोंगराच्या एका अंगाला पडला आणि दुसऱ्या अंगाला नाही पडला, तर यंत्र ज्या अंगाला आहे तोच पाऊस खरा. यंत्राला मी नावं ठेवणार नाही. माझा पगार यंत्रांवरच चालतो. पण यंत्राविरुद्ध उभं राहायला माणसाकडे निदान तारीखवार वही हवी. ‘पूर्वी असं नव्हतं’ हे वाक्य घेऊन तहसील कचेरीत कुणी जाऊ शकत नाही.

फोन तर सगळ्यांकडे आहेत, मग? १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो, ठिकाण आपोआप नोंदलं जातं, तारीख लागते. कल्पना म्हणून बघितलं तर जगातल्या मोठ्या लोकनिरीक्षणांपैकी हे एक ठरावं. पण तिला सातबारावर पीक आणि क्षेत्र हवंय. भात, अमुक आर. तो रायभोग आहे की जिरवेल, उशिरा लावला की वेळेत, हे तिच्या कामाचं नाही.

आणि काजवे. मे संपता संपता भंडारदऱ्याला जी गर्दी उसळते ती तुम्ही पाहिली असेल, कदाचित त्या गर्दीत असालही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे लखलखतात. पहिले वळीव झाले की दिसू लागतात, पाऊस नीट लागला की संपतात. म्हणजे हा कीटक चालतंबोलतं पर्जन्यमापक आहे. दर वर्षी हजारो फोन त्याच्यावर रोखलेले असतात. त्यातून आपल्याला काय मिळतं? इन्स्टाग्रामवर चढवलेल्या फोटोतली मूळ माहिती निघून जाते. रील कधीही काढून कधीही टाकता येते. त्याहून गमतीचं म्हणजे काजव्यांचे जे फोटो पाहून आपण ‘बापरे!’ म्हणतो, त्यांतले कितीतरी एका क्षणाचे नसतात. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून अर्धा तास, तास फोटो काढत राहायचे आणि सगळे एकावर एक रचायचे. त्यात एकच काजवा पन्नास वेळा येतो. काजवे निम्मे झाले तरी फोटो तेवढाच भरलेला दिसेल, फक्त थोडा जास्त वेळ थांबावं लागेल. वाट दाखवणारा गावातला पोरगा मात्र सांगतो, “दादा, यंदा पलीकडच्या झाडावर नाहीतच.” ते वाक्य कुणी शूट करत नाही.

उत्तर ध्रुवाकडच्या लोकांचं उदाहरण इथे घ्यावंसं वाटतं, कारण त्यांनी हा प्रश्न आपल्याआधी हाताळला. कॅनडातल्या इन्युइट लोकांच्या भाषेत ‘उग्गिआनाक्तुक’ असा एक शब्द आहे: ओळखीचा माणूस अचानक अनोळख्यासारखा वागू लागावा, तसं वागणं. विसाव्या शतकाच्या शेवटी ते हवामानाबद्दल हा शब्द वापरू लागले होते. संशोधकांनी तो ऐकला, आणि विशेष म्हणजे पुढचे प्रश्न विचारले: कोणता बर्फ, कोणती वाट, कोणत्या हिवाळ्यापासून? २००२ मध्ये अलास्का-कॅनडातल्या अशा निरीक्षणांचं एक जाडजूड पुस्तक निघालं, त्याचं नावच एका स्थानिक बाईच्या वाक्यावरून ठेवलेलं: पृथ्वी आता जास्त वेगाने चालते आहे. पुढे २०१९ मध्ये हडसनच्या उपसागरातल्या सानिकिलुआक गावाशी जोडलेल्या आर्क्टिक आयडर सोसायटी या संस्थेने ‘सिकू’ नावाचं ॲप आणलं. सिकू म्हणजे समुद्रावरचा बर्फ. शिकारीला गेलेला माणूस त्यात बर्फाची अवस्था आपल्याच भाषेतल्या नावाने नोंदवतो, फोटो, ठिकाण, तारीख यांसकट. धोक्याची जागा असेल तर मागून येणाऱ्याला कळते.

मला त्यात तंत्रज्ञानाचं नवल नाही; तसं ॲप पुण्यातली चार पोरं तीन महिन्यांत करतील, आणि कृपा करून करू नयेत. नवल आहे दोन गोष्टींचं. बर्फाच्या प्रकारांची यादी शिकाऱ्यांच्या बोलीतून आलेली आहे. फॉर्म आधी आणि माणूस नंतर असं झालेलं नाही. आणि नोंद ज्याने केली, मालकी त्याची. कुणाला दाखवायची हे तो ठरवतो.

ही दुसरी गोष्ट आपल्याकडे कुणी नीट बोलत नाही. आत्तापर्यंत मी साल मागत आलो, तपशील मागत आलो. पण तपशील धोक्याचाही असतो. कोणत्या ओहोळाला कोणती औषधी वनस्पती उरली आहे हे नोंदवहीत लिहिलं, की ती वही ज्याच्या हातात पडेल त्याला पत्ता मिळतो. नोंदवहीत माहिती देणाऱ्याचं नाव लिहायचा रकाना त्याच्या हक्कासाठी आहे, फायदा झाला तर त्यातला वाटा त्याच्यापर्यंत पोचावा म्हणून. पण ज्याला आजवर कागदावर सही केल्यावर जमीनच गेल्याचा अनुभव आहे, तो त्या रकान्याकडे कसा बघेल? ‘पूर्वी भरपूर, सध्या कमी’ एवढंच सांगून गप्प बसलेला म्हातारा अडाणी नसेल. त्याने विचार करून गाळलेलं असेल. तेव्हा फॉर्ममधला मोघमपणा सगळाच विचारणाऱ्याचा नाही, थोडा सांगणाऱ्याचाही आहे, आणि त्याला तो अधिकार आहे.

आमच्या घरचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ‘आजोळ’. २०१७ मध्ये मावसभावाने काढला. हा लेख लिहिण्याआधी मी त्यातलं सगळं संभाषण एका फाइलमध्ये उतरवून घेतलं आणि त्यात शोधत बसलो. गुड मॉर्निंगची फुलं आणि वाढदिवस बाजूला काढले की उरतं ते हे: राब भाजला. आज पडला. ओढा वाहिला. करवंदं संपली. खेकडे निघाले. मामा फोटो टाकतो, मामी लिहीत नाही, बोलून पाठवते, त्यामुळे तिचं काहीच शोधता येत नाही, एकेक ऐकावं लागतं. प्रत्येकापुढे तारीख, वेळ, मिनिट. २०१९ चा बराचसा भाग नाही. मामाचा फोन पाण्यात पडला आणि बाकीच्यांनी जागा कमी पडते म्हणून पुसून टाकलं होतं. सात-आठ पावसाळ्यांची ही वही कुणी वही म्हणून लिहिलेली नाही, त्यामुळे तिच्यात पाहुण्यासाठी सजवलेलं एकही वाक्य नाही.

त्यातल्या काजव्यांच्या नोंदी मी वेगळ्या काढल्या आणि मामीला फोन करून विचारलं, हे लेखात घालू का?

“घाल की. पण झाडाचं नाव लिही, जागा नको लिहू. माणसं येत्यात.”

तेव्हा एवढंच: सादड्यावर, १९ मे २०२४.